गाणं किती येतं? एका रकान्याचा इतिहास



गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीतल्या ज्येष्ठांनी एक गायन मंडळ काढलं. नाव नोंदवायचा अर्ज आला. नाव, वय, फोन इथपर्यंत ठीक. शेवटचा रकाना होता 'गायनाची पातळी', आणि पुढे तीन चौकोन: नवशिके, मध्यम, प्रगत. ज्ञान म्हणजे काय, यावर आम्ही वर्षानुवर्षं वर्गात बोललो. पण त्या तीन चौकोनांपुढे पेन अडलं.

शेजारी आमची थोरली बहीण बसली होती. वय वर्षं एक्क्याऐंशी. तिनं बेधडक 'नवशिके'वर खूण केली. आम्ही म्हटलं, "ताई, अगं तुझी मध्यमा पूर्ण झालीय ना?" तर म्हणाली, "साठ वर्षं झाली रे त्याला. मला आता काय येतंय!" आणि पाचच मिनिटांनी कोपऱ्यात तंबोरा लावत बसलेल्या बाईंना म्हणाली, "अहो, पंचमाची तार जरा चढलीय." तार खरंच चढली होती.

आता या बाईला नवशिकी म्हणायचं का? आणि तिला स्वतःला तसं का वाटावं? हौशी माणूस आपल्या गाण्याचं मोजमाप कोणत्या शब्दांत करतो, आणि ते शब्द त्याच्याकडे कुठून आले, हा आजचा विषय.

थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे 'तुम्हाला गाणं किती येतं' असं कुणी विचारत नसे. 'तालीम कुणाची?' असं विचारत. उत्तरात गुरूचं नाव येई, घराणं येई, किती वर्षं सेवा केली ते येई. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. मिरजेला त्यांच्यापाशी शिकलेल्याला 'बुवांचा शिष्य' एवढं सांगितलं की पुरे. म्हणजे पातळी ही माणसाच्या अंगची गोष्ट नव्हती, ती एका नात्यातली जागा होती. पण ही भाषा पेशेवर गवयांची. कचेरीत नोकरी करून संध्याकाळी दोन चिजा म्हणणाऱ्यासाठी तिच्यात जागाच नव्हती. तो फार तर शौकीन, रसिक, किंवा आपण गमतीनं म्हणतो तसा कानसेन.

ही जागा शहरांनी तयार केली. मुंबईत १८७० साली पारशी मंडळींच्या पुढाकारानं गायन उत्तेजक मंडळी निघाली, पुण्यात १८७४ साली गायन समाज. गाण्यावर पोट नसलेली माणसं तिथं रीतसर गाणं शिकू लागली. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे त्यांतलेच. शिक्षणानं वकील. १८८४ च्या सुमारास ते गायन उत्तेजक मंडळीत आले, तिथं गवयांकडून चिजा शिकले, आणि पुढे सगळ्या हिंदुस्थानी संगीताची मांडणी केली. मैफलीचे गवई ते कधीच नव्हते. आता भातखंड्यांनी आमच्या अर्जावर कुठं खूण केली असती, सांगा बरं!

दुसरे विष्णू म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. बाळकृष्णबुवांचेच शिष्य. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला शाखा आली. वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र. १९३१ मध्ये पंडितजी गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आपल्या घराघरांत ठाऊक असलेली शिडी ती या परंपरेतली: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. नावं नीट ऐका हं. 'प्रवेशिका पूर्ण' म्हणजे काय, तर दारातून आत येणं तेवढं पूर्ण झालं! ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना अंतर किती आहे याची जाण होती. आपण मात्र ती नावं बिल्ल्यासारखी लावू लागलो.

पण या शिडीला नावं ठेवण्याआधी तिनं काय दिलं ते पाहू. आमच्या आजीच्या काळात चांगल्या म्हणवणाऱ्या घरातली बाई 'मला गाणं येतं' असं चारचौघांत म्हणू शकत नव्हती. गाणं हा कलावंतिणींचा पेशा, अशी समजूत. परीक्षेनं तिला एक सोज्वळ वाक्य दिलं: 'गाण्याच्या तीन परीक्षा झाल्यात.' या वाक्यात गाणं आहे, पण त्याला शाळेचा वास आहे; त्यामुळे ते मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढेही बोलता येई. आमच्या बहिणीच्या तोंडी हेच वाक्य होतं. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बायका गात आल्या, त्यांच्याकडे तालीम डोंगराएवढी, पण कागद नव्हता. नव्या भाषेत त्या मुक्या झाल्या.

मग रेडिओ आला. १९५२ पासून दहा वर्षं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री होते. त्यांच्या काळात गायक-वादकांची चाचणी घेऊन श्रेणी द्यायची पद्धत बसली: बी, बी-हाय, ए, टॉप. लोक स्वतःची ओळख 'आम्ही रेडिओला बी-हाय आहोत' अशी करून देऊ लागले. आणि गंमत बघा, १९४० पासून पुढे तीस वर्षं रेडिओवर पेटीला बंदी होती. आपल्या घराघरांतलं, नाटकाच्या पिठातलं वाद्य ते. पण ते वाजवणाऱ्याला या शिडीवर पायरीच नव्हती. म्हणून तर चांगला पेटीवाला स्वतःबद्दल 'थोडी बडवतो' म्हणे, आणि आपण त्याला निव्वळ विनय समजायचो.

आता आमच्या विषयाकडे येतो. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात एक भेद केला. अमुक गोष्ट आहे हे माहीत असणं वेगळं, आणि ती करता येणं वेगळं. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, हे माहीत असायला एक मिनिट लागतं. भूप गाताना तो देशकाराच्या अंगाने जाऊ न देणं, याला वर्षं लागतात. गाण्यात याच्या जोडीला तिसरी गोष्ट येते: दुसऱ्याचं किंवा आपलं चुकलं हे ऐकू येणं. गळा आणि कान एका वेगानं वाढत नाहीत. कान पुढे धावतो, गळा मागून येतो, आणि म्हातारपणी गळा थांबतो, कान थांबत नाही. म्हणून जो जास्त ऐकतो त्याला आपलं गाणं कमी वाटतं. नवशिक्याला गाणं येऊ लागल्यासारखं वाटतं, कारण त्याचं बेसूर त्याला अजून ऐकूच येत नाही.

आमच्या ताईचं तेच झालं. लग्नानंतर तिचा गळा घरकामात गेला, पण कान मात्र साठ वर्षं रेडिओपाशी, मैफलीत, नातवंडांच्या शिकवणीच्या दाराशी बसून राहिला. ती स्वतःला मोजते तेव्हा त्या कानानं गळ्याला मोजते. मोजमाप खोटं नाही. पण अर्ध्याच माणसाचं आहे. आणि असं अर्धं मोजून किती जणांनी गाणं सोडलं असेल! 'आपलं काही खरं नाही' म्हणत पेटी माळ्यावर टाकलेली घरं आम्ही पाहिलीत. आमचंही एक त्यांत धरा.

मग काय करावं? आमची सूचना साधी आहे. एका शब्दात उत्तर देऊ नये, वाक्यात द्यावं. काय येतं, कुणाबरोबर येतं, कुठं अडतं. उदाहरणार्थ: 'भूप, यमन आणि दुर्गा यांतल्या एकेक बंदिशी म्हणतो. तीनतालात सम सापडते, झपतालात चुकते. ताना येत नाहीत.' हे वाचून शिकवणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळतं. 'मध्यम' वाचून काय कळणार?

आम्ही ते चौकोन कोरे ठेवले आणि खाली हेच लिहिलं. ताईचा अर्ज परत घेतला, खूण खोडली, आणि तिला विचारून तिच्या नावापुढे लिहिलं: 'आवाज फार टिकत नाही. सूर लागला की नाही ते कळतं. तंबोरे लावता येतात.' तंबोऱ्याच्या बाईंनी ते वाचलं. आता दर मंगळवारी मंडळाचे दोन्ही तंबोरे ताई लावते. गेल्या खेपेला शेवटी सगळ्यांबरोबर दोन ओळी गायलीही.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि गाणं सोडलेलं कुणी ऐकत असेल, तर त्यांनी आज घरी जाऊन आपली तीन वाक्यं लिहून काढावीत.