तळटीप : १९२ पैंचा रुपया

* पनवेलच्या तांदळाच्या पेठेतल्या जुन्या हिशेबांत छेद कुठे दिसत नाही, म्हणून तिथे अपूर्णांकांची बेरीज होतच नव्हती, असे काही वाचकांना वाटेल. ते खरे नाही. २ पूर्णांक १/३ आणि १ पूर्णांक ३/४ रुपये मिळवायचे आहेत असे धरा. त्या काळचा दिवाणजी मांडेल : २ रुपये ५ आणे ४ पै, अधिक १ रुपया १२ आणे, एकूण ४ रुपये १ आणा ४ पै. शाळेतली रीत ३ आणि ४ चा लसावि १२ काढते, ४/१२ आणि ९/१२ मिळवते, १३/१२ मधला एक पूर्णांकांत घालते. उत्तर ४ पूर्णांक १/१२. रुपयाचा बारावा भाग १६ पै, म्हणजे तोच १ आणा ४ पै. समान छेद इथेही होताच, १९२. फक्त तो काढावा लागत नसे, चलनातच तयार मिळे (पावकी-सवायकी पाठ असणाऱ्याला चौथाईसाठी तेवढाही खटाटोप नको). मग लसावि शिकायचाच कशाला, हा आक्षेप पाचव्या भागापाशी अडतो : १९२ ला ५ ने भाग जात नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पाचवा भाग नेमका २० पैसे ठरला आणि तिसरा तुटका राहिला. — संपादक