पोलीस ॲक्शनची कुळकथा

भालकी, औराद, बसवकल्याणकडे म्हाताऱ्या माणसाचं वय काढायचं तर जन्मतारीख विचारून भागत नाही. ‘पोलीस ॲक्शनला तुम्ही केवढे होता?’ असं विचारावं लागतं. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबादच्या वाटेनं, भारतात सामील न झालेल्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात भारताकडून जे शिरलं, त्यात पोलीस औषधालाही नव्हते. मेजर जनरल चौधरींची चिलखती डिव्हिजन होती आणि बीदरच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी टेम्पेस्ट विमानं होती. लष्करानं मोहिमेला नाव दिलं होतं ऑपरेशन पोलो.

पोलीस ॲक्शन, म्हणजे ‘पोलिसी कारवाई’, हे नाव वर्षभर आधी डचांनी गाजवलं होतं. जुलै १९४७ मध्ये इंडोनेशियात त्यांनी फौजा घातल्या आणि जगाला सांगितलं, हा आमच्या घरातला बंदोबस्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(४) एका देशाला दुसऱ्यावर बळ वापरू देत नाही. कलम २(७) मात्र देशाच्या घरगुती कारभारापासून संयुक्त राष्ट्रांना लांब ठेवतं. लढाई म्हटलं की पहिलं कलम अंगावर येतं, पोलीस म्हटलं की दुसऱ्याचा आडोसा मिळतो. डचांचं हे सोंग सुरक्षा परिषदेत उघडं पाडायला ऑस्ट्रेलियाबरोबर कोण गेलं होतं? आपणच.

अर्थात दिल्लीची बाजू डचांइतकी लंगडी नव्हती. चहूबाजूंनी भारतानं वेढलेलं हैदराबाद संस्थान इंग्रजांच्या काळातही परराष्ट्रव्यवहारात स्वतंत्र नव्हतं. शिवाय निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा धुमाकूळ होता. बसवकल्याणजवळच्या गोरट्यात मे १९४८ मध्ये त्यांनी कत्तल केली. अडचण होती ती दिल्ली आणि निजाम यांच्यातल्या २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ कराराची. मुदत वर्षाची, ती संपायला अडीच महिने बाकी. त्यात तंटा लवादाकडे नेण्याचं कलमही होतं. करार मोडल्याचा आरोप दोन्ही बाजू एकमेकांवर करत होत्या. मला विचाराल तर कागदावर निजामाचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, फक्त त्याच्यामागे रयत नव्हती.

२१ ऑगस्टला निजामानं सुरक्षा परिषदेकडे तार केली. आधार कलम ३५(२) चा: सभासद नसलेल्या राज्यालाही तक्रार करता येते. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुनावणी झाली तेव्हा रामस्वामी मुदलियारांनी भारतातर्फे नेमकं तेच खोडलं: हैदराबाद मुळात राज्यच नाही, मग तक्रार कसली? दुसऱ्या दिवशी निजामानं शस्त्रं खाली ठेवली, २२ तारखेला तक्रार मागे घेतली. हल्ला कायदेशीर होता की नाही, यावर परिषदेनं निकाल दिलाच नाही.

गावांत मात्र त्यानंतर मुसलमानांवर सूड उगवणं सुरू झालं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मुसलमानांच्या मृत्यूंचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वांत वाईट चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. काही ठिकाणी लूटमारीत आणि हत्यांत गणवेशातली माणसंही होती, असं त्यांनी लिहिलं. सरकारनं तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. लोकांच्या हाती तो आला कित्येक दशकांनी.