लँड स्पीड बाइक रेसिंग: धावण्याआधी बाइकची तपासणी कशी होते?

२००५ चा 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा सिनेमा पाहिलाय का? नावातला 'इंडियन' म्हणजे आपण नाही, ती अमेरिकन बाइक कंपनी. न्यूझीलंडचा बर्ट मन्रो आपली जुनी 'इंडियन स्काउट' घेऊन अमेरिकेत बॉनव्हिलला येतो आणि तपासणीतच अडकतो. कॉलेजात असताना मला ते तपासनीस व्हिलन वाटले होते. आता वाटत नाहीत. का, ते पाहूया.

लँड स्पीड रेसिंग म्हणजे काय?

बॉनव्हिल हे युटा राज्यातलं मिठाचं सपाट मैदान. एससीटीए ही संस्था १९४९ पासून तिथे 'स्पीड वीक' भरवत आली आहे. इथे सरळ रेषेत धावायचं आणि स्पर्धा घड्याळाशी. बहुतेक जण हौशी असतात. बक्षिसाची रक्कम नसते, कामही स्वयंसेवक करतात.

तपासणीत काय बघतात?

• टेदर किल स्विच: दोरीचं एक टोक रायडरला, दुसरं स्विचला. रायडर पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद.
• थ्रॉटल: हात सुटताच स्वतःहून बंद झालाच पाहिजे.
• स्टीअरिंग डॅम्पर: वेगात हँडल थरथरू नये म्हणून.
• टायर: त्या वेगासाठी बनवलेलेच हवेत.
• सेफ्टी वायर: ऑइलचा बोल्ट तारेनं बांधलेला असतो. तो सैल होऊन तेल मागच्या चाकावर आलं, तर घसरणं ठरलेलंच.
• रायडर: लेदर सूट, हातमोजे, बूट आणि मान्यताप्राप्त हेल्मेट.

नीट बघा, यातला जवळपास प्रत्येक नियम 'काहीतरी बिघडणारच' असं धरून केलाय. आम्ही इंजिनिअर याला फेल-सेफ म्हणतो.

नियम पाळले जातात कसे?

तपासणीत पास झाल्याशिवाय ट्रॅक मिळत नाही, मग तुम्ही कितीही लांबून आलेले असा. नवख्या रायडरला थेट पूर्ण वेग मिळत नाही, लायसन्स टप्प्याटप्प्यानं वाढतं. विक्रम दोन धावांच्या सरासरीवर ठरतो. पहिल्या धावेत जुना विक्रम मोडला की बाइक 'इम्पाउंड'मध्ये, म्हणजे देखरेखीखाली ठेवतात. इंजिन त्या क्लासमध्ये बसतं का, हेही मोजून बघतात.

मन्रोच्या १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना चूक झाली होती. २०१४ मध्ये ती सुधारून ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किमी अशी नोंद झाली. हिशेबातली चूक ४७ वर्षांनीही सुधारता आली. अडकलेला थ्रॉटल मात्र दुसरी संधी देईलच असं नाही.

आपल्या बाइकचं काय?

गेल्या पावसाळ्यात माझ्या बाइकचा एक्सलेटर सोडल्यावर परत येईना. 'नंतर बघू' म्हणत आठवडाभर तशीच चालवली. एकदा सिग्नलला बाइक पुढे ओढायला लागली. किल स्विच दाबला म्हणून समोरची रिक्षा वाचली, आणि मीही.

तुम्ही आजच बघा. इंजिन बंद करून हँडल डावीकडे, सरळ आणि उजवीकडे वळवा. प्रत्येक वेळी एक्सलेटर पिळून सोडा. तो लगेच 'टक'कन मागे यायला हवा. येत नसेल तर बाइक घरीच ठेवा, मेकॅनिकला दाखवूनच बाहेर काढा. तुमच्या गल्लीत तपासनीस नाही, ते काम तुम्हालाच करायचंय.