खड्ड्यांमुळे झालेल्या वाहनहानीची भरपाई

सार्वजनिक रस्त्यावर पडलेल्या आणि वेळेवर न बुजविलेल्या खड्ड्यामुळे मोटारगाडीचे जे नुकसान होते, त्याचा मोबदला, त्या रस्त्याची निगा राखण्याचे कर्तव्य ज्या शासकीय, निमशासकीय वा स्थानिक संस्थेवर आहे तिच्याकडून मागण्याचा वाहनमालकाचा हक्क व त्या हक्काच्या बजावणीची रीत. विधिशास्त्राच्या वर्गीकरणात हा विषय अपकृत्यविधीतील निष्काळजीपणा या प्रकरणात मोडतो. खड्ड्यामुळे ओढवलेला मृत्यू वा शारीरिक इजा आणि केवळ वाहनाची हानी या दोहोंना आजच्या कायद्यात निरनिराळे मार्ग असल्याने त्यांचा भेद ध्यानी ठेवणे आवश्यक ठरते. प्रस्तुत नोंदीत या विषयाचे विवेचन नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील विसरवाडी या गावाच्या संदर्भात केले आहे.

रस्ते व त्यांचे धनी : सुरत–धुळे–नागपूर या, पूर्वी ६ आणि आता ५३ क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या, राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या विसरवाडीच्या पश्चिमेस चिंचपाडा व नवापूर, पूर्वेस कोंडाईबारी घाट व त्यापलीकडे साक्री तालुक्यातील दहिवेल, आणि उत्तरेस खांडबाऱ्यावरून नंदुरबारकडे जाणारा रस्ता, अशी येथील दळणवळणाची रचना आहे. गुजरातेतून विदर्भाकडे जाणाऱ्या अवजड मालमोटारींची अहोरात्र वर्दळ, सह्याद्रीच्या पायथ्याचा मुबलक पाऊस आणि दीर्घकाळ रेंगाळलेले चौपदरीकरण या तिन्ही कारणांचा येथे संगम झाला. डांबराच्या थरास सूक्ष्म चीर पडली की तीतून मुरलेले पाणी खालची खडी व मुरूम सैल करते, वरून जाणाऱ्या चाकांच्या भाराने तो सैल थर उपसला जातो, आणि दोन-चार सरींत चिरेचा खड्डा होतो. टायर फुटणे, रिम वाकणे, शॉकअप निकामी होणे, मालवाहू गाडीचे पाटे तुटणे आणि इंजिनाखालचे चेंबर फुटून तेल वाहून जाणे हे अशा खड्ड्याचे नित्याचे परिणाम होत.

भरपाईच्या मागणीत पहिला आणि बहुधा निर्णायक प्रश्न रस्ता कोणाच्या अखत्यारीतला हाच असतो. राष्ट्रीय महामार्गाचे स्वामित्व केंद्र सरकारकडे असून त्याची निगा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे अथवा राज्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे सोपविलेली असते; राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हामार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, आणि गावठाणातील गल्लीबोळ ग्रामपंचायतीकडे असतात. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतील रस्त्याची पहिल्या पाच वर्षांची देखभाल मूळ ठेकेदाराच्याच करारात अंतर्भूत असते. यांपैकी भलत्याच कचेरीत दिलेला अर्ज दफ्तरी पडून राहतो आणि मुदत मात्र सरत जाते.

तत्त्वाचा विकास : इंग्लंडात १७८८ साली डेव्हन परगण्यातील नादुरुस्त पुलामुळे गाडीचे नुकसान झालेल्या इसमाने तेथील रहिवाशांवर आणलेली फिर्याद न्यायालयाने फेटाळली, आणि दुरुस्ती न करणे एवढ्याच कसुरीबद्दल रस्त्याच्या व्यवस्थापकांवर दावा चालत नाही, हा नियम तेथे पुढे दीर्घकाळ रूढ राहिला. १९६१ च्या अधिनियमाने तो रद्द झाला. १९८० च्या हायवेज ॲक्टनुसार प्राधिकरण जबाबदार धरले जाते, मात्र वाजवी काळजी घेतल्याचे सिद्ध केल्यास त्यास सुटका मिळते.

हिंदुस्थानात सरकारवर भरपाईचा दावा चालतो की नाही, याचा पायाभूत विचार ज्या खटल्यात झाला तोही रस्त्यावरच्या वाहनाशीच निगडित होता. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील कामगारांच्या हयगयीने पी. अँड ओ. कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला आणि ३५० रुपयांच्या भरपाईसाठी कंपनीने सेक्रेटरी ऑफ स्टेटवर दावा लावला. १८६१ मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, सार्वभौम सत्तेची कृत्ये वेगळी आणि खाजगी व्यक्तीही करू शकेल असे व्यवहार वेगळे, असा भेद करून दुसऱ्या प्रकारात सरकार जबाबदार असल्याचे ठरविले. स्वातंत्र्योत्तर काळात हा भेद संविधानाच्या अनुच्छेद ३०० च्या द्वारे टिकून राहिला. राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती (१९६२) या खटल्यात सरकार जबाबदार ठरले, तर कस्तुरीलाल प्रकरणात (१९६५) सार्वभौम कार्याच्या सबबीवर मुक्त झाले. स्थानिक संस्थांबाबतही निर्णय एकसूत्री नाहीत. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळल्याच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेस दोषी धरले. उलट रस्त्याकडेचे झाड अंगावर पडल्याच्या राजकोट महापालिकेच्या प्रकरणात १९९७ मध्ये तिला जबाबदारीतून मुक्त केले.

मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश : न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१३ साली मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रावरून उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. सुस्थितीतील रस्ते मिळणे हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे तीत २०१५ मध्ये प्रतिपादन झाले. याच याचिकेत १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने खड्ड्यांमुळे अथवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि इजा झाल्यास तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तिचे निर्धारण संबंधित प्राधिकरणाचा प्रमुख व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सचिव यांच्या समितीने करावयाचे, मागणीपासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम अदा करावयाची, विलंब झाल्यास दर साल ९ टक्के व्याज द्यावयाचे आणि ही रक्कम दोषी अधिकारी वा ठेकेदाराकडून वसूल करावयाची, अशी तजवीज त्या आदेशात आहे. हा आदेश प्राणहानी व शरीरहानी यांपुरता असून वाकलेल्या रिमेचा वा फुटलेल्या चेंबरचा समावेश त्यात होत नाही. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली घातलेले १९८-अ हे कलमही, सदोष रस्त्याबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगत असले तरी, मृत्यू वा अपंगत्व आल्यासच लागू होते, आणि दंडाची रक्कम सरकारी निधीत जमा होते.

वाहनहानीसाठी उपलब्ध मार्ग : (१) दिवाणी दावा. शासन वा शासकीय अधिकारी प्रतिवादी असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस आगाऊ द्यावी लागते. इतर संस्थांबाबत त्यांच्या त्यांच्या अधिनियमातील नोटिशीचे व मुदतीचे नियम पाहावे लागतात. मुदत अधिनियम, १९६३ मधील अवशिष्ट अनुच्छेद ११३ तीन वर्षांची मुदत देतो. पण कायद्यान्वये करावयाच्या कृत्यातील कसुरीबद्दलच्या भरपाईस अनुच्छेद ७२ प्रमाणे एकच वर्ष मिळते. प्रतिवादी हाच अनुच्छेद पुढे करील हे गृहीत धरून वर्षाच्या आत दावा रुजू करणे शहाणपणाचे ठरते.

(२) ग्राहक तक्रार. टोल आकारला जाणाऱ्या रस्त्यावर वाहनधारक मोबदला देऊन सेवा घेत असल्याने, सेवेतील त्रुटी म्हणून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. येथे फास्टॅगची नोंद हाच सेवा घेतल्याचा पुरावा होतो. टोल नसलेल्या ग्रामीण मार्गावर हा आधार मिळणे दुरापास्त आहे.

(३) विमा. केवळ तृतीय पक्षाच्या सक्तीच्या विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान येत नाही. सर्वसमावेशक विम्यात ते येते. तथापि प्रचलित शर्तींनुसार नुसता टायर फुटल्यास भरपाई नसते, आणि गाडीचेही नुकसान झाले असल्यास टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंतच ती मिळते. शिवाय दावा घेतला की नो-क्लेम बोनस गमवावा लागतो.

पुरावा व प्रतिवाद : खड्ड्याची खोली दिसेल अशी, तारीख व स्थान नोंदलेली छायाचित्रे, जवळचा किलोमीटरचा दगड, साक्षीदारांची नावे, पोलीस ठाण्यातील नोंद, गॅरेजचे अंदाजपत्रक व पावती हे प्राथमिक पुरावे होत. त्यांहून मोलाची गोष्ट म्हणजे खड्डा प्राधिकरणास ठाऊक होता हे दाखविणे. राष्ट्रीय महामार्गावरील १०३३ या क्रमांकावर, अथवा संबंधित विभागाकडे लेखी, केलेली पूर्वीची तक्रार येथे कामी येते. आणि त्या तुकड्याचा ठेकेदार, दोषदायित्वाचा कालावधी व आधीच्या तक्रारी यांची माहिती माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांच्या अर्जाने मागविता येते. प्रतिवादीकडून सामान्यतः दोन सबबी पुढे येतात : चालकाचा वेग व दुर्लक्ष, आणि नैसर्गिक आपत्ती. नवापूर तालुक्यातील रंगावली नदीला ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या महापुरासारख्या प्रसंगी रस्ता वाहून गेला, तर ती अस्मानी होय; परंतु पूर ओसरून आठवडे लोटल्यावरही तो खड्डा फलकाविना व अडथळ्याविना तसाच राहिला, तर ती सुलतानी ठरते आणि जबाबदारी टळत नाही.

समालोचन : अर्ज केला, पाहणी झाली आणि रक्कम मंजूर झाली, अशी केवळ वाहनहानीपुरती प्रशासकीय व्यवस्था महाराष्ट्रात नाही. परिणामी, काही हजारांच्या दुरुस्तीसाठी वकील, न्यायालय शुल्क आणि नवापूर वा नंदुरबारच्या खेपा परवडत नसल्याने विसरवाडीच्या काळी-पिवळी जीपचा वा पिकअपचा मालक बहुधा गॅरेजचे बिल मुकाट्याने भरतो. उच्च न्यायालयाने शरीरहानीसाठी आखून दिलेली समिती, मुदत, व्याज आणि दोषींकडून वसुली ही चौकट वाहनहानीलाही लागू करण्यास तत्त्वतः कोणतीच बाधा नाही. ती लागू होईपर्यंत हा हक्क अस्तित्वात असूनही सामान्य वाहनधारकास दुर्लभच राहील.