न उतरलेल्या तुकड्याची वंशावळ

पानाचा एखादा तुकडा न उतरण्याचं दुखणं मराठी वाचकाने आधी फॉन्टांच्या रूपात पाहिलं. 1997 मध्ये नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर, दोघांच्याही चौथ्या आवृत्तीत पानासोबत फॉन्ट उतरवायची सोय आली. पण नेटस्केपला पीएफआर फाइल लागायची, एक्स्प्लोररला ईओटी. फॉन्ट उतरला नाही की बातमीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी.

जावास्क्रिप्टची कथा तीच. ब्रेंडन आइकने 1995 मध्ये ती दहा दिवसांत उभी केली, तेव्हा मॉड्यूल, म्हणजे कोडचे वेगळे मागवता येणारे तुकडे, नव्हतेच. पुढे लोक पानात स्क्रिप्ट टॅग घुसवून 'ऑनलोड'ची वाट पाहू लागले. जुना एक्स्प्लोरर तो न देता 'ऑनरेडीस्टेटचेंज' द्यायचा. भाषेच्या 2015 च्या प्रमाणकात 'इम्पोर्ट' आलं, मात्र ब्राउझरने फाइल कशी आणायची हे त्यात नव्हतं. मार्च 2017 मध्ये सफारी 10.1 ने मॉड्यूल स्वीकारले, पण 'ही प्रत फक्त जुन्या ब्राउझरांसाठी' असं सांगणारी 'नोमॉड्यूल' खूण त्याला कळत नसे. ती प्रतही तो चालवायचा, म्हणजे सगळं दोनदा! हवा तेव्हा तुकडा मागवणारं इम्पोर्ट क्रोममध्ये डिसेंबर 2017 ला आलं, फायरफॉक्समध्ये मे 2019 ला. एजला ते 2020 मध्ये, क्रोमियमचं इंजिन घेतल्यावर मिळालं.

म्हणून 2020 नंतर ब्राउझरला शिव्या घालण्याआधी मी सर्व्हर बघतो. पेणच्या एखाद्या गणेश कारखान्याची साइट घ्या. मालकाच्या क्रोममध्ये शाडूच्या मूर्ती दिसतात, गिऱ्हाइकाच्या आयफोनवर पान कोरं. सफारी म्हणतो, ''टेक्स्ट/एचटीएमएल' इज नॉट अ व्हॅलिड जावास्क्रिप्ट माइम टाइप'. कुठली फाइल, ते गुलदस्त्यात. क्रोम निदान पत्ता तरी छापतो. नेटवर्क टॅबमध्ये पाहावं तर उत्तर 200, सगळं आलबेल! पण कंटेंट टाइप खरोखरच 'टेक्स्ट/एचटीएमएल'. गिऱ्हाइकाचा टॅब कालपासून उघडा, रात्री नवी आवृत्ती चढली, तुकड्यांची नावं बदलली. जुनी फाइल नाही म्हणून सर्व्हरने मुखपृष्ठच पुढे केलं, आणि मॉड्यूल म्हणून एचटीएमएल कुठलाच ब्राउझर घेत नाही. सफारी बिचारा नाहक बदनाम.

यावर पान नव्याने उघडणं हाच उपाय. नेट तुटल्याने तुकडा अडला असेल तर गोष्ट वेगळी: काही ब्राउझर फसलेला पत्ता ध्यानात ठेवतात आणि पुन्हा मागितला तरी तेच अपयश परत देतात, तिथे पत्त्याला प्रश्नचिन्ह लावून वेळ जोडावी. नसलेली फाइल मागितली तर सर्व्हरने सरळ 404 द्यावा. आणि जुने तुकडे, गणपतीच्या हंगामात तरी, सर्व्हरवरून काढू नयेत.