५ वाजून १९ मिनिटं

लोहगावचा विमानतळ भोरपासून आणि वेल्ह्याच्या तोरण्यापासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आतला. इकडच्या डोंगरातल्या माणसाला लढाऊ विमानाचा आवाज नवा नाही. आज सुखोई जाते, आणि मान वर करून शोधेपर्यंत ती राजगडाच्या पलीकडे गेलेली असते. १९६५ साली याच लोहगावला व्हँपायर विमानं होती. त्यांतल्या ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची विमानं ऑगस्टमध्ये पंजाबात पठाणकोटला हलवण्यात आली. १ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांतली चार परत आली नाहीत.

पासष्टचं युद्ध म्हटलं की आपल्याला लाहोर आठवतं, अब्दुल हमीद आठवतात. लाहोरची आघाडी ६ सप्टेंबरला उघडली. हवाई दलाची माणसं त्याच्या पाच दिवस आधी, जम्मूच्या पश्चिमेला छांबवर पडली होती. तो एक दिवस मला तासातासाने मांडावासा वाटतो, कारण संध्याकाळच्या पाऊण तासात जे झालं त्याची तयारी पहाटेपासून चालली होती. खरं तर कित्येक वर्षांपासून.

वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत. पश्चिम पाकिस्तानचं घड्याळ अर्धा तास मागे होतं. दोन्हीकडच्या आठवणी शेजारी ठेवून वाचणाऱ्याने हे आधी ध्यानात घेतलं नाही, तर विमान उडण्याआधीच पडलेलं दिसतं.

पहाटे ४ च्या सुमारास

छांबवर तोफा सुरू झाल्या. पाकिस्तानने या मोहिमेला ‘ग्रँड स्लॅम’ असं नाव दिलं होतं. डोळा होता चिनाबवरच्या अखनूरच्या पुलावर. तो पूल गेला की राजौरी, पूंछकडे रसद नेणारा रस्ता तुटणार होता. समोर आपली १९१ ब्रिगेड. तिचे कमांडर ब्रिगेडियर मास्टर्स पंधरवड्यापूर्वी, १५ ऑगस्टलाच तोफगोळ्यांच्या माऱ्यात मारले गेले होते आणि ब्रिगेडियर मनमोहन सिंग नव्याने आले होते. वरची १० डिव्हिजन तर अजून उभी राहत होती.

सकाळ

उजाडल्यावर पॅटन रणगाडे पुढे सरकले. पाकिस्तानकडे रणगाड्यांच्या दोन रेजिमेंट. आपल्याकडे २० लान्सर्सचा एकच स्क्वाड्रन, तोही एएमएक्स-१३ या हलक्या फ्रेंच रणगाड्यांचा. मेजर भास्कर रॉय यांच्या त्या मूठभर गाड्यांनी दुपारपर्यंत पॅटन अडवून धरले. त्यांना महावीर चक्र मिळालं. पण ज्या सैन्यापुढे पाचपट रणगाडे आहेत त्याने किती वेळ तग धरायचा याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा सकाळीच दिसू लागली होती.

दुपार

विमानं पाठवा, ही मागणी खालून दुपारच्या आधीच निघाली होती. ब्रिगेडकडून डिव्हिजन, डिव्हिजनकडून कोअर, तिथून वेस्टर्न कमांड आणि मग दिल्ली. पठाणकोट ते छांब हे अंतर विमानाला पंधरा मिनिटांचं. कागदाला दिवस लागला.

याला निव्वळ दिरंगाई म्हणून सोडून देता येत नाही. लढाऊ विमानं वापरणं म्हणजे काश्मीरमधली चकमक युद्धात बदलणं, आणि तो अधिकार सरकारचा होता. १९६२ साली चीनपुढे सैन्य मागे हटत असतानाही आपण लढाऊ विमानं वापरली नव्हती. त्या न वापरण्याची सवय सगळ्या यंत्रणेच्या अंगी मुरली होती. पण छांबवर पाकिस्तानी हल्ला येणार याची चिन्हं ऑगस्टभर दिसत होती. तसं झालं तर हवाई दलाने किती वाजता, कुणाच्या शब्दावर उडायचं, हे आधी ठरवून ठेवायला कोणी अडवलं होतं? ते ठरलेलं असतं तर तीच विमानं भर दुपारी, पुरेशा उजेडात आणि जमिनीवरच्या माणसांशी बोलून गेली असती. माझा राग आहे तो इथे.

दुपारी ४

दिल्लीत संरक्षणमंत्र्यांच्या दालनात बैठक. मंत्री यशवंतराव चव्हाण, लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी, हवाई दल प्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग. चौधरी काश्मीरहून नुकतेच परतले होते. पुण्याला ते परके नव्हते. १९६१ साली गोवामुक्तीच्या वेळी सदर्न कमांडचे प्रमुख तेच होते. चौधरींनी परिस्थिती सांगितली आणि हवाई दलाची मदत मागितली. अर्जन सिंगांना विचारलं, विमानं कधी जाऊ शकतील. ते म्हणाले, तासाभरात.

चव्हाणांनी मंत्रिमंडळाच्या समितीची वाट पाहिली नाही. पंतप्रधान शास्त्रींना आधी विचारण्यात वेळ घालवला नाही. कराडजवळच्या देवराष्ट्रे गावचा हा माणूस तीन वर्षांपूर्वी, एका पराभवानंतर दिल्लीत बोलावला गेला होता, आणि आता एका वाक्याने तो देशाला हवाई युद्धात नेत होता. पावणेपाचच्या सुमारास त्यांनी होकार दिला. त्या दिवसांत ते डायरी लिहीत. त्यांचे सचिव राम प्रधान यांनी पुढे त्या डायरीवरून पुस्तक केलं, म्हणून ही दुपार आपल्याला इतक्या जवळून दिसते.

हा निर्णय बरोबर होता, असंच मला वाटतं. त्या तासाला त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. अंधार पडेपर्यंत पॅटन अडवले नसते तर अखनूर दुसऱ्या दिवशी गेलं असतं.

५ वाजायच्या आत

पठाणकोटला तळप्रमुख ग्रुप कॅप्टन रोशन सुरी यांच्याकडे हुकूम पोचला. तळावर दोन जातींची विमानं होती, फ्रेंच मिस्टेअर आणि व्हँपायर. पहिली निघाली ती व्हँपायर.

या विमानाकडे जरा जवळून बघायला हवं. ब्रिटिशांच्या डी हॅविलंड कंपनीचं हे जेट पहिल्यांदा उडालं १९४३ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना. वैमानिक बसतो तो पुढचा पोटासारखा भाग लाकडाचा, प्लायवूड आणि बाल्सा यांचे थर चिकटवून केलेला. पंखांमागून दोन लांब दांडे शेपटीपर्यंत जातात आणि त्यांच्या मधून इंजिनाचा झोत निघतो. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली रॉकेटं. एका वैमानिकाच्या या विमानात इजेक्शन सीट नव्हती. विमान पेटलं तर वैमानिकाने पट्टे सोडायचे, छत उघडायचं, स्वतःच्या अंगबळाने बाहेर पडायचं आणि मागचं शेपूट चुकवायचं. झाडांच्या उंचीवर उडताना यातलं काहीही करायला वेळ मिळत नाही.

१९४८ साली भारतात आलेलं पहिलं जेट हेच. पुढे बंगळुरूच्या कारखान्यात ते बनूही लागलं, आणि कितीतरी पोरं त्यावर उडायला शिकली. शिकायला चांगलं विमान होतं. १९६५ च्या आघाडीवर त्याला जागा नव्हती. पाकिस्तानचं सेबर जेट ताशी दोनएकशे किलोमीटरने जास्त वेगवान होतं, आणि काही सेबरांना उष्णतेच्या मागावर जाणारी साइडवाइंडर क्षेपणास्त्रंही होती. हे पठाणकोटच्या प्रत्येक वैमानिकाला ठाऊक होतं. तरी ते जाऊन बसले.

५ वाजून १९ मिनिटं

स्क्वाड्रन लीडर दहार यांच्या पुढारपणाखाली पहिल्या चार व्हँपायरनी जमीन सोडली. होकार मिळाल्यापासून जेमतेम अर्धा तास झाला होता. अर्जन सिंगांनी मागितलेला तास त्यांच्या माणसांनी निम्म्यावर आणला. हवाई दल किती तत्पर, हे सांगताना आजही हाच आकडा सांगितला जातो, आणि तो अभिमान खरा आहे. पण सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ त्या हिशेबात कोणी धरत नाही.

सूर्यास्ताला दीड तास उरला होता. विमानं वायव्येला जाणार, म्हणजे कलता सूर्य समोर. खाली दिवसभराच्या लढाईची धूळ आणि धूर. वरून एएमएक्स कुठला, पॅटन कुठला, हे ओळखायचं. पहाटेची आघाडी संध्याकाळपर्यंत सरकलेली, आणि नेमकी कुठे सरकली ते सांगणारं खालून कोणी नीट जोडलेलं नाही.

व्हायचं ते झालं. शत्रूच्या रणगाड्यांवर मारा झाला, तसा आपल्यावरही झाला. दिवसभर झुंजलेल्या २० लान्सर्सचे तीन रणगाडे आपल्याच विमानांच्या माऱ्यात गेले. ३ महार पलटणीचा दारूगोळा उडाला. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिलेली. म्हणजे पुण्याहून आलेल्या विमानांच्या वाटेत, धुळीत न ओळखता आलेली, महाराष्ट्राशी नातं असलेली पलटण होती. याचा दोष मी वैमानिकांच्या माथी मारणार नाही. त्यांना कामाला लावलं तेव्हा उजेड संपत आला होता.

दुसरी तुकडी

पुढच्या चार विमानांत होते फ्लाइट लेफ्टनंट ए. के. भागवागर, व्ही. एम. जोशी, एस. भारद्वाज आणि सोंधी. पुढारी भागवागर.

हवाई हल्ल्याची बातमी एव्हाना पलीकडे पोचली होती. दोन सेबर छांबकडे वळली. एकात स्क्वाड्रन लीडर सरफराज रफीकी, दुसऱ्यात फ्लाइट लेफ्टनंट इम्तियाज भट्टी. व्हँपायर खाली, लक्ष्य शोधत फिरत होत्या. सेबर वरून आली. अशा लढतीत वरच्याकडे वेगही असतो आणि निवडही. खालच्याकडे उरतं फक्त वळण. व्हँपायर लहान घेरात वळते, एवढीच तिची जमेची बाजू. पण ती वापरायला आधी शत्रू दिसावा लागतो.

काही मिनिटांत भागवागर, जोशी आणि भारद्वाज गेले. एकटे सोंधी जमिनीला चिकटून पठाणकोटला परतले. त्याच संध्याकाळी फ्लाइट लेफ्टनंट पाठक यांचीही व्हँपायर पडली. ते वेळेत बाहेर पडले आणि वाचले. रफीकी आणि भट्टी यांच्या नावावर पाकिस्तानने दोन-दोन विमानं लावली.

अंधार पडेपर्यंत

व्हँपायरच्या मागोमाग मिस्टेअर गेली आणि उजेड असेपर्यंत मारा चालू राहिला. त्या रात्री अखनूर आपल्याकडेच होतं. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने ऐन मोहिमेत सेनापती बदलला. अख्तर मलिक गेले, याह्या खान आले, आणि त्यात त्यांचाही मोलाचा वेळ गेला. अखनूर वाचलं त्यात त्या संध्याकाळच्या विमानांचा वाटा आहे. लष्कराच्या इतिहासकारांनी तो कमी-जास्त मानला तरी नाकारलेला नाही.

२ ते १६ सप्टेंबर

व्हँपायर आघाडीवरून काढून घेण्यात आल्या. जे वर्षानुवर्षं कोणी ठरवलं नव्हतं ते चार विमानं पडल्यावर लगेच ठरलं. पठाणकोटला नॅट ही लढाऊ विमानं आली. ३ तारखेला ट्रेव्हर कीलर यांनी सेबरवर पहिला यशस्वी हल्ला चढवला आणि वीर चक्र मिळवलं. त्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर सिकंद यांचं नॅट पाकिस्तानातल्या पसरूरला उतरलं. ते पकडले गेले, आणि ते विमान आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे.

६ तारखेच्या संध्याकाळी रफीकी पंजाबातल्या हलवाऱ्याच्या हवाई तळावर चालून आले. तिथे त्यांनी फ्लाइंग ऑफिसर प्रकाश सदाशिवराव पिंगळे यांचं हंटर विमान पाडलं. हंटरला इजेक्शन सीट होती. पिंगळे वाचले. पुढच्याच झटापटीत रफीकींच्या तोफा अडल्या, तरी ते साथीदारांना सोडून गेले नाहीत आणि तिथेच मारले गेले. शत्रू असला तरी हे धैर्य मान्य करायला हवं. १६ सप्टेंबरला पिंगळे पुन्हा हंटर घेऊन उडाले आणि अमृतसरच्या बाजूला त्यांनी एक सेबर पाडलं. त्यांना वीर चक्र मिळालं. पंधरा दिवसांच्या अंतराने छांब आणि अमृतसर इथल्या दोन लढती शेजारी ठेवल्या की वैमानिकाखालची ती एक खुर्ची काय करते ते कळतं. भागवागर, जोशी आणि भारद्वाज यांना पंधरा दिवसांनी परत उडायची संधी देणारी खुर्ची त्यांच्या विमानात बसवलेलीच नव्हती.

५ डिसेंबर १९७१

रफीकींच्या सन्मानार्थ पाकिस्तानने शोरकोटच्या हवाई तळाला त्यांचं नाव दिलं. पुढच्या युद्धात, १९७१ च्या ५ डिसेंबरला, त्याच तळावर हल्ला करायला गेलेलं ३२ स्क्वाड्रनचं सुखोई-७ परत आलं नाही. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. त्या दिवसांतल्या ढाक्याच्या एका वर्तमानपत्राने पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांचं नाव, थोडं वेगळं लिहून, छापलं होतं. युद्धकैदी परत आले त्यांत ते नव्हते.

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. दीड वर्षाचा संसार झाला होता. १९८३ साली बेपत्ता जवानांचे नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले. २००७ साली चौदा जणांना पुन्हा पाकिस्तानातले तुरुंग पाहू देण्यात आले, त्यांत दमयंतीबाई होत्या. नोंदवह्या दाखवण्यात आल्या, कैदी दाखवण्यात आले. विजय तांबे यांचं नाव सरकारच्या बेपत्तांच्या यादीत राहिलं.