ताटात काय उरलं?

मी मेडिसिन वॉर्डची सिस्टर. नव्या शिकाऊ मुलींना मी फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई सांगायचे, त्या दिव्यासाठी नव्हे, ताटासाठी. १८५४च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिका घेऊन बाई तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. पुढे १८६०च्या सुमारास निघालेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये त्यांनी रोग्याच्या खाण्यावर दोन प्रकरणं लिहिली. ‘भूक नाही’ एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. स्वयंपाक बिघडलाय, पदार्थ चुकीचा आहे, वेळ चुकलीय, की खरंच भूक मेलीय? चारांपैकी कारण कोणतं, ते शोधा म्हणायच्या. अशक्त माणसाला सकाळी घास गिळवत नाही, हेही त्यांनी हेरलं होतं. न खाल्लेलं ताट पुढच्या जेवणापर्यंत उशाशी ठेवू नका, त्यानं होती ती इच्छाही जाते, असं त्यांनी बजावलं. माझ्या मते औषधांच्या कुठल्याही यादीपेक्षा हे मोलाचं आहे.

खाण्याचं हे महत्त्व आकड्यांनी पटायला १९३६ उजाडलं. अमेरिकेत स्टडली नावाच्या सर्जननं अल्सरच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण तपासले. शस्त्रक्रियेआधीच २० टक्क्यांहून जास्त वजन घटलेल्यांपैकी तिसरा हिस्सा दगावला होता. बाकीच्यांत मृत्यू ३.५ टक्के. तरी १९७४मध्ये बटरवर्थ या डॉक्टरांना लिहावं लागलं, की इस्पितळात रुग्णांची उपासमार होते आणि कुणी उंची-वजनसुद्धा नोंदवत नाही.

पाण्याचंही तसंच. आमच्या चार्टवर ‘पाणी २०० मिली’ लिहिलेलं असायचं. ते दिलेलं पाणी. प्यायलेलं किती, ते पेला उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही. पेला बहुधा लॉकरवर, हात पोचणार नाही असा. म्हातारी माणसं तर मुद्दाम पीत नाहीत. बेडपॅन मागायची लाज वाटते. एका आजींच्या डब्यात पोळी रोज कडेनं कुरतडलेली, भात तसाच. घरचे म्हणायचे, ‘जेवल्या की!’ कवळी पिशवीत राहिली होती. ती लावून दिल्यावर त्या मऊ खिचडी वाटीभर खाऊ लागल्या. कोरडी जीभ, गडद पिवळी लघवी, एकाएकी असंबद्ध बोलणं, ही पाणी कमी पडल्याची लक्षणं मी मुलींकडून घोकून घेत असे.

तुमचं माणूस दाखल असेल तर ‘जेवलात का?’ एवढं विचारून थांबू नका. डब्याचं झाकण उघडून किती उरलंय ते पाहा आणि वॉर्डातल्या सिस्टरला सांगा.